शंभर रुपयांचा दिवस : लहान देणग्यांनी बालगृह कसे सुधारते?

नवी दिल्ली : बालगृहात राहणाऱ्या एका मुलाच्या पालनपोषणासाठी केंद्र सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत दरमहा ३,००० रुपये धरलेले आहेत. महिना तीस दिवसांचा मानला, तर त्या मुलाचा दिवस शंभर रुपयांचा होतो. सकाळचा नाश्ता, दोन वेळचे जेवण, दूध, कपडे, अंथरूण, साबण, तेल आणि किरकोळ औषधपाणी या शंभरात बसवावे लागते. २०२२ मध्ये योजनेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर होण्यापूर्वी हीच रक्कम दरमहा २,१६० रुपये होती. म्हणजे वाढ झाली आहे. पण बाजारात डाळ, तेल आणि दूध घेणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला शंभर रुपयांची ओढाताण समजावून सांगण्याची गरज नाही.

शंभर रुपयांत मुलाचे पोट भरता येते. मात्र पोट भरणे आणि मूल नीट वाढणे यांच्यामध्ये बऱ्याच गोष्टी येतात. गळका नळ, फाटकी गादी, कडी नसलेले न्हाणीघराचे दार, रात्री बंद असलेला जिन्यावरचा दिवा, वर्गातला फळा न दिसणाऱ्या मुलाचा चष्मा ही त्यांतली काही उदाहरणे. यांतील एकेका गोष्टीचा खर्च लहान असतो आणि तो सामान्य नोकरदाराच्या किंवा निवृत्त शिक्षकाच्या आवाक्यात असतो. तरीही देशभर बालगृहांकडे येणाऱ्या मदतीचा मोठा भाग सणासुदीची मिठाई, वाढदिवसाचा केक आणि जुने कपडे या रूपात येतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण देणगी नेमक्या जागी पोहोचत नाही. ती तिथे पोहोचायची असेल, तर बालगृहाचा रोजचा कारभार कसा चालतो हे आधी समजून घ्यावे लागते.

बालगृहात कोण राहते?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा या संस्थांचा मूळ कायदा. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले बालकल्याण समितीच्या आदेशाने बालगृहात दाखल होतात. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती जिल्हा पातळीवर काम करते. मूल कोठे राहील, किती काळ राहील आणि घरी केव्हा परतेल हे ठरवण्याचा अधिकार समितीचा असतो, संस्थाचालकांचा नसतो.

बोलीभाषेत या संस्थांना सरसकट ‘अनाथालय’ म्हटले जाते. हा शब्द दिशाभूल करणारा आहे. महिला व बालविकास मंत्रालयाने देशभरातील बालसंगोपन संस्थांची पाहणी करवली आणि तिचा अहवाल २०१८ मध्ये पुढे आला. पाहणीत ९,५८९ संस्थांची नोंद झाली. त्यांपैकी ८,७४४ स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या, तर ८४५ सरकारी होत्या. या संस्थांत सुमारे ३ लाख ७० हजार मुले राहत होती. आईवडील दोघेही नसलेल्या मुलांपेक्षा एक पालक हयात असलेल्या मुलांची संख्या त्यांत कितीतरी अधिक होती. वडिलांचे निधन, आईचे आजारपण, स्थलांतर, कर्ज, घरातील मारहाण अशा कारणांनी ही मुले घराबाहेर पडलेली असतात. अनेकांना आपल्या गावाचे नाव, घराची वाट आणि आईच्या हातची चव नीट आठवते.

संस्थांपैकी दहांतल्या नऊ स्वयंसेवी असल्याने देणगी हा त्यांच्या अर्थकारणाचा अटळ भाग आहे. सरकारी अनुदान मिळणाऱ्या संस्थांतही ते हप्त्यांनी येते. हप्ता लांबला की किराणा दुकानदाराची उधारी वाढते. अनुदान नसलेल्या संस्थांचा तर संपूर्ण भार लोकांच्या मदतीवरच असतो.

नियमांतले बालगृह

मुलांना किमान काय मिळाले पाहिजे, हे केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत बारकाईने लिहिलेले आहे. पन्नास मुलांच्या संस्थेचा नमुना त्यांत दिला आहे. पंचवीस मुलांसाठी एक हजार चौरस फुटांची एक याप्रमाणे दोन शयनगृहे, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला चाळीस चौरस फूट जागा. शिवाय वर्गखोल्या, आजारी मुलांची खोली, ग्रंथालय, भोजनगृह, समुपदेशनाची खोली आणि मैदान. सात मुलांमागे एक शौचालय आणि दहा मुलांमागे एक स्नानगृह असावे, पिण्याचे पाणी शुद्ध असावे, डासांपासून संरक्षण मिळावे, अंथरुणांना आणि कपड्यांना ऊन दिले जावे, अशा सूचनाही आहेत.

इमारत उभी राहते तेव्हा बऱ्याच संस्था या मापात बसतात. अडचण नंतर सुरू होते. पन्नास मुलांसाठी आठ शौचालये बांधली. पण दोन तुंबली, एकाचे दार बिजागरीतून निखळले आणि एकात पाणी येत नाही, तर कागदावर आठ असलेली शौचालये प्रत्यक्षात चार होतात. मग साडेबारा मुलांमागे एक शौचालय उरते आणि शाळेच्या वेळी रांग लागते. लहान मुले रांगेत थांबू शकत नाहीत. मोठ्या मुली सकाळी जाणे टाळतात आणि त्यासाठी पाणी कमी पितात. चार शौचालये नव्याने बांधायला लाखो रुपये लागतील. ती दुरुस्त करायला मात्र प्लंबरची आणि सुताराची दोन दिवसांची मजुरी, काही सुटे भाग आणि एक बिजागरी पुरते.

देणगीदारांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट हीच आहे. नव्या खोलीवर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. नळाच्या वॉशरवर कोणाचे नाव लिहिता येत नाही, म्हणून देखभालीसाठी पैसे मिळवणे संस्थाचालकांना सर्वांत अवघड जाते. वास्तविक बालगृहातील राहणीमानाचा मोठा भाग देखभालीवरच अवलंबून असतो.

खरजेचा धडा

लहान खर्च आणि मोठा परिणाम यांचे नाते समजण्यासाठी खरजेइतके चांगले उदाहरण नाही. मुले एकत्र राहतात अशा कोणत्याही ठिकाणी हा त्वचारोग वारंवार डोके वर काढतो. डोळ्यांना सहज न दिसणारा एक किडा त्वचेत शिरतो, तेथे अंडी घालतो आणि रात्री असह्य खाज सुटते. तो प्रामुख्याने त्वचेच्या थेट स्पर्शातून पसरतो. पण एकाच्या चादरीत दुसरा झोपला किंवा एकच टॉवेल चौघांनी वापरला, तरीही त्याला वाट मिळते. पहिल्यांदा लागण झालेल्या मुलात लक्षणे दिसायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर ते मूल नकळत इतरांना लागण देत राहते.

औषध साधे आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम रात्री मानेपासून पायापर्यंत लावायचे, सकाळी आंघोळ करायची आणि सुमारे आठवड्याने पुन्हा लावायचे. तरीही बालगृहांत हा रोग महिनोन्‌महिने ठाण मांडून बसतो. ज्या मुलाला खाज सुटते, त्यालाच मलम लावले जाते. शेजारच्या मुलाच्या अंगातला किडा तसाच राहतो आणि पंधरा दिवसांनी पहिल्या मुलाकडे परततो. रोग जायचा असेल, तर सर्व मुलांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकाच दिवशी औषध लावावे लागते. त्याच दिवशी चादरी, टॉवेल आणि अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात. जे धुता येत नाही ते काही दिवस पिशवीत बंद करून ठेवावे लागते, कारण माणसाच्या शरीराबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक जगत नाही.

आता पन्नास मुलांच्या बालगृहाची कल्पना करावी. सगळ्या चादरी एका दिवशी धुवायच्या, तर रात्री अंथरायला दुसऱ्या पन्नास चादरी हव्यात. त्या नसतात. गरम पाण्यासाठी बंब किंवा गॅस हवा. वाळत घालायला पुरेशी दोरी आणि ऊन हवे. मलमाच्या पन्नासहून अधिक नळ्या एका वेळी हव्यात. औषध दवाखान्यातून मिळाले, तरी चादरींचा दुसरा जोड मिळत नाही आणि तेवढ्याने सारा उपचार वाया जातो.

याची किंमत मुलाला मोजावी लागते. रात्रभर खाजवणारे मूल वर्गात झोपते आणि अभ्यासात मागे पडते. खाजवून झालेल्या जखमांत जिवाणूंचा संसर्ग झाला, तर तो पुढे मूत्रपिंडांपर्यंतही त्रास देऊ शकतो. शाळेत शेजारी बसायला कोणी तयार होत नाही. ‘आश्रमातली मुले’ हा शिक्का असा बसत जातो. पन्नास जादा चादरी, प्रत्येकाचा वेगळा आणि नाव विणलेला टॉवेल आणि गच्चीवर चार दोऱ्या एवढ्याने या साखळीचा एक दुवा तुटतो. पन्नास घरांनी एकेक चादर आणि एकेक टॉवेल दिला, तरी हे काम होते.

दिवा, कडी आणि कोरडे अंथरूण

रात्रीचे बालगृह दिवसाच्या बालगृहापेक्षा वेगळे असते. पाहुणे गेलेले असतात, कर्मचारी मोजके उरतात आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला शौचालयापर्यंत एकट्याने जायचे असते. वाटेत अंधार असेल, तर ते जात नाही. सकाळी अंथरूण ओले निघते. घर सुटलेल्या, भेदरलेल्या मुलांमध्ये अंथरूण ओले होण्याचे प्रमाण तसेही अधिक असते. कापसाची गादी एकदा ओली झाली की लवकर वाळत नाही, तिला वास येतो आणि तो वास त्या मुलाची ओळख बनतो. शिक्षा केल्याने हे थांबत नाही, उलट वाढते.

यावरचे उपाय अत्यंत साधे आहेत. गादीवर पाणी न शोषणारी, पुसता येणारी खोळ असावी. चादरींचा जादा जोड मुलाच्या हाताशी असावा, म्हणजे त्याला सर्वांसमोर मागावी लागणार नाही. शयनगृहापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा जळत राहावा. दहा वॉटचा एलईडी दिवा रोज दहा तास लावला, तर महिन्याला तीन युनिट वीज लागते. एवढ्याशा विजेवर एका मुलाची रात्र निर्भय होऊ शकते.

मुलींच्या बालगृहात कडीचे महत्त्व आणखी मोठे आहे. न्हाणीघराला आणि शौचालयाला आतून लागणारी कडी ही सुरक्षिततेची पहिली अट आहे. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅड लागतात, हे आता बऱ्याच देणगीदारांना ठाऊक झाले आहे आणि ते पॅडची खोकी देतातही. पण त्यांच्याबरोबर झाकणाची बादली, कागदी पिशव्या, पुरेसे पाणी आणि पॅडच्या विल्हेवाटीची सोयही लागते. तिच्याअभावी वापरलेले पॅड नळीत अडकतात, शौचालय तुंबते आणि पुन्हा आठातली चार शौचालये उरतात.

आरोग्याच्या बाबतीत चष्म्याचा उल्लेख आवश्यक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून शाळा आणि अंगणवाड्यांमधील मुलांची तपासणी होते. तपासणीत दृष्टिदोष आढळला तरी चष्मा मिळून तो टिकणे ही पुढची पायरी असते. खेळताना काच फुटते, काडी मोडते. घरी असलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी नवा चष्मा मिळतो. बालगृहातल्या मुलाला पुढच्या शिबिरापर्यंत थांबावे लागू शकते. वर्षभर ‘चष्म्याची दुरुस्ती’ एवढीच जबाबदारी घेणारा एखादा चष्मेवाला किंवा मित्रमंडळ हा खंड भरून काढू शकतो.

स्वतःची पेटी

बालगृहात जवळजवळ सर्व काही सामायिक असते. कपाट, खेळणी, पुस्तके, कधी कधी कपडेही. धुऊन आलेल्या ढिगातून ज्याला जो सदरा मिळेल तो त्याचा, अशी पद्धत जिथे आहे, तिथे ‘माझे’ म्हणण्यासारखे मुलाकडे काही उरत नाही. आईचा एखादा फोटो, गावाहून आलेले पत्र, शाळेत मिळालेले पदक ठेवायला जागा नसली की मूल ते उशीखाली ठेवते आणि एक दिवस ते हरवते.

प्रत्येक मुलाला कुलूप लागणारी एक लहान पेटी किंवा कप्पा देणे हा राहणीमान सुधारण्याचा एक महत्त्वाचा मार्ग आहे. पेटीची किल्ली मुलाच्या गळ्यात असते. जगात एवढीशी जागा आपली आहे, हे त्याला कळते. कपड्यांवर नावाची पट्टी शिवणे, चपलेवर क्रमांक घालणे, प्रत्येकाच्या मापाची शालेय पादत्राणे घेणे यांचाही अर्थ तोच. मापाचा प्रश्न किरकोळ वाटतो. पण वाढत्या वयातल्या मुलांचे पाय भराभर वाढतात आणि देणगीतून अंदाजाने आलेले पन्नास जोड पन्नास पायांना कधीच बसत नाहीत. न बसणारे जोड कोठीत पडून राहतात आणि मुले जुन्याच चपला घालून शाळेत जातात.

आदर्श नियमांनी मुलांच्या समित्यांची आणि तक्रार व सूचना पेटीची तरतूद याच जाणिवेतून केली आहे. काय हवे हे मुलांना विचारले, तर त्यांची यादी मोठ्यांच्या यादीपेक्षा वेगळी निघते. केकपेक्षा पंखा दुरुस्त व्हावा, असे सांगणारी मुले त्यांत असू शकतात.

देणगीचे वेळापत्रक

दिवाळीच्या आठवड्यात एकाच बालगृहात एका दिवशी तीन ठिकाणचा फराळ येतो. मुले दिवसभर गोड खातात, पोट बिघडते आणि उरलेले टाकावे लागते. पुढे फेब्रुवारीत डाळ संपत आली, तर विचारायला कोणी नसते. वाढदिवस, पुण्यतिथी आणि सण यांच्या तारखा देणगीदाराच्या असतात; बालगृहाच्या गरजांच्या तारखा निराळ्या असतात. महाराष्ट्रात जूनमध्ये, तर उत्तर भारतातील अनेक राज्यांत एप्रिलमध्ये शाळा सुरू होते, तेव्हा वह्या, दप्तरे आणि गणवेश लागतात. पावसाळ्याआधी छपराची डागडुजी आणि मच्छरदाण्या, थंडीआधी ब्लँकेट, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर असे हे चक्र असते.

म्हणूनच दरमहा येणारी लहान रक्कम वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा अनेकदा अधिक उपयोगी पडते. दोनशे जणांनी दरमहा शंभर रुपये दिले, तर महिन्याला वीस हजार आणि वर्षाला दोन लाख चाळीस हजार रुपये होतात. पन्नास मुलांच्या संस्थेत देखभालीसाठी आणि आकस्मिक गरजांसाठी हा मोठा आधार ठरतो. रक्कम ठरलेल्या तारखेला येणार हे ठाऊक असले की अधीक्षकाला उधारी टाळता येते, किराणा घाऊक भावाने घेता येतो आणि नळ गळू लागला त्याच आठवड्यात दुरुस्त करता येतो.

मराठी समाजाला ही रीत नवी नाही. गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात दिवस सात घरी वार लावून जेवायचे आणि शिकायचे, ही जुनी पद्धत होती. तिच्यात विद्यार्थ्याला मिंधेपण सोसावे लागे, हेही खरे; पण कोणत्या घरी कोणता वार, हे ठरलेले असल्याने त्याची भूक अंदाजावर राहत नसे. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा केला आणि त्यातून तळेगावात काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सुरू केलेले वसतिगृह आणि पुढे रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे यांना गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्याचा आधार मिळाला. मुठीएवढे देणाऱ्याला ओझे वाटले नाही आणि घेणाऱ्याची चूल रोज पेटली.

पैसे द्यावेत की वस्तू?

वस्तू दिली की ती डोळ्यांना दिसते, म्हणून अनेकांचा कल वस्तूंकडे असतो. पैशांचा गैरवापर होईल, ही भीतीही त्यामागे असते. दोन्ही मार्गांना मर्यादा आहेत. वस्तू द्यायची असेल, तर संस्थेकडून गरजांची यादी आणि मापे घेऊन नवी वस्तू द्यावी आणि ती साठा नोंदवहीत चढवली गेल्याची खात्री करावी. घरात नकोसे झालेले कपडे देणे म्हणजे बहुतेक वेळा आपल्या कपाटातला पसारा संस्थेच्या कोठीत हलवणे असते. बाहेरून आणलेल्या शिजवलेल्या अन्नातून विषबाधेचा धोका असतो. त्याऐवजी संस्थेच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी काय शिजवायचे त्याचा खर्च देणे सुरक्षित.

पैसे बँकेमार्फत द्यावेत आणि पावती घ्यावी. नोंदणीकृत पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात ‘८०जी’ या नावाने ओळखली जाणारी वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. रोखीने २,००० रुपयांपेक्षा अधिक दिले असल्यास आणि वस्तुरूप देणगी असल्यास ती मिळत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट उपलब्ध नाही. सरकारी बालगृहाला मदत करायची असेल, तर अधीक्षक किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलून वस्तूंची नोंद करून देणे सोयीचे ठरते. कायद्याच्या कलम १०५ नुसार राज्य सरकारांना बाल न्याय निधी उभारता येतो आणि त्यात स्वेच्छा देणग्या स्वीकारता येतात.

देण्यापूर्वी काय पाहावे?

मंत्रालयाच्या पाहणीतील सर्वांत चिंताजनक बाब नोंदणीची होती. पाहणीच्या वेळी बाल न्याय कायद्याखाली नोंदणी झालेल्या संस्था जेमतेम एक-तृतीयांश होत्या. ५ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनाथालयांतील मुलांच्या शोषणाविषयीच्या प्रकरणात सर्व संस्थांची नोंदणी त्या वर्षअखेरपर्यंत पूर्ण करण्याचे आदेश दिले होते. २०१८ मध्ये बिहारमधील मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सामाजिक लेखापरीक्षणातून उघड झाले. बंद दाराआड काय चालते हे बाहेरच्यांना कळत राहणे किती आवश्यक आहे, हे त्या प्रकरणाने देशाला दाखवून दिले.

नोंदणी पाच वर्षांसाठी असते. नोंदणीशिवाय बालगृह चालवणे हा गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जिल्ह्यातील तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावी, असे कायदा सांगतो. देणगीदाराने नोंदणीचे प्रमाणपत्र आणि मागील वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब मागणे गैर नाही. नीट चालणारी संस्था तो आनंदाने दाखवते.

देणगीदारावरही बंधने आहेत. बालगृहातील मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करण्यास कलम ७४ नुसार मनाई आहे. त्याच्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. मुलांना ओळीत उभे करून, हातात खाऊचा पुडा देऊन काढलेले छायाचित्र समाजमाध्यमावर टाकणे या मनाईच्या कक्षेत येऊ शकते. कायदा बाजूला ठेवला, तरी उद्या ते मूल मोठे होऊन नोकरीला लागेल, तेव्हा ते छायाचित्र कोणीतरी शोधून काढेल, एवढा विचार पुरेसा आहे.

भेटीगाठींबाबतही तारतम्य हवे. दर रविवारी नवे पाहुणे येतात, मुलांना जवळ घेतात, पुन्हा येण्याचे वचन देतात आणि परत येत नाहीत. आधीच माणसे गमावलेल्या मुलाला प्रत्येक वेळी ते नव्याने सोसावे लागते. वर्षातून एकदा पन्नास जणांनी येण्यापेक्षा, संस्थेच्या परवानगीने आणि पडताळणीनंतर, एकाच व्यक्तीने वर्षभर दर शनिवारी गणित शिकवायला येणे मुलांच्या अधिक कामी येते.

घर हाच पहिला पर्याय

बालगृह कितीही सुधारले, तरी मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, असे कायद्याचे तत्त्व आहे. गरिबीमुळे मूल घरापासून तुटू नये म्हणून ‘मिशन वात्सल्य’मध्ये प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्वासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. ही रक्कम संस्थेतील मुलासाठीच्या रकमेपेक्षा अधिक आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनाही याच उद्देशाने राबवली जाते. बऱ्याच गरजू कुटुंबांना या योजनांची माहिती नसते. अर्ज भरून देणे, कागदपत्रे मिळवून देणे, आईला मुलाच्या भेटीसाठी येण्याजाण्याचे भाडे देणे ही मदतही देणगीच आहे. एखादे मूल घरी परतले, तर बालगृहाच्या सुधारणेचा सर्वांत चांगला परिणाम तोच मानावा लागेल.

जी मुले परतू शकत नाहीत, ती अठराव्या वर्षी संस्थेबाहेर पडतात. अनुरक्षणगृहे आणि अनुरक्षण योजनांचा आधार साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकतो. त्या वयात खोलीचे पहिले भाडे, मुलाखतीसाठी एक चांगला पोशाख आणि आजारी पडल्यावर फोन करता येईल असा एक नंबर यांची गरज भासते. त्यासाठीही लहान देणगी आणि टिकाऊ संबंध लागतो.

संकटातील मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन देशभर उपलब्ध आहे. मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी सुरुवात त्याहून सोपी आहे. जवळच्या नोंदणीकृत बालगृहात वेळ ठरवून जावे, अधीक्षकांना भेटावे आणि या महिन्यात काय दुरुस्त करायचे राहिले आहे, एवढेच विचारावे. उत्तर बहुधा एखाद्या कडीचे, दिव्याचे किंवा चादरींच्या जोडाचे असेल. ते काम करून द्यावे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारावे.